दगडाला शेंडी

आमच्या घरी बंपर आला तो पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार होती. मालवाहू ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि दादा व ऑटोवाला दोन टोकांना धरून, पावलं जपत, ती लांबोडकी वस्तू घराकडे आणू लागले. समोरच्या काकू नळावर होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि दबक्या आवाजात मला विचारलं, "कोण गेलं वं?"

"कोणी नाही काकू. गाडीचा बंपर हाय."

काकू हसल्या, ऑटोवालाही हसला. दादा हसला नाही. एरवी असल्या गोष्टीवरून त्यानं काकूंना आठवडाभर छळलं असतं. त्या दुपारी त्याच्या वरच्या ओठावर घाम होता, आणि बंपर त्यानं ओट्यावर असा हळूच टेकवला, जणू त्या चादरीत खरंच कुणी असावं. मला भीती वाटायला लागली ती तिथून.

माझा दादा सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यावर ड्रायव्हर आहे. बंगल्याच्या मालकीणबाईंना तिथं सगळे 'बाई' म्हणतात. बाईंच्या मुलाकडे एक स्पोर्ट्स कार आहे, दोन दारांची, लाल, जमिनीला पोट लावून चालणारी. दादानं आम्हाला सांगितलं ते असं, की उमरेड रोडला ट्रकच्या चाकातून दगड उडाला आणि गाडीचा समोरचा बंपर तडकला. बाईंना कळायच्या आत तो बदलायचा आहे. मुलानं हौसेनं दुसरा बंपर बसवून घेतला होता, त्यामुळे कंपनीचा मूळ बंपर गॅरेजमध्ये पडूनच होता. शोरूमला नेली तर बिल घरी जातं. बंगल्यावर करावं तर दसऱ्याचे पाहुणे दिवसभर पोर्चमध्ये. कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागायच्या आधी दादा बुटीबोरीजवळच्या एका गॅरेजात हे काम शिकलेला. तेव्हा मुलानंच म्हटलं, तुझ्या घरी ने आणि कर.

सगळं नीट जुळत होतं. इतकं नीट, की ऐकताना बाबांनी चष्मा काढून पुसला. बाबा आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवणारे. मजकूर फार सरळ लागला की त्यांना वाटतं, कुठंतरी ओळ गाळली आहे.

आमचं घर पत्रकांचं घर. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून दर वर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर आमचं टेबल लागतं. पूर्वी बाबा रात्रपाळी संपवून उरलेल्या कागदावर पत्रकं छापून घ्यायचे, आता मजकूर मी लिहिते. मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवरून. ऊठ, वाच, विचार कर, प्रश्न विचार. आई म्हणते, म्हणूनच या पोरीला घरातसुद्धा हुकूम सोडल्याशिवाय बोलता येत नाही. आई त्या दिवशी मामाकडे उमरेडला गेली होती. ती असती तर दादाचं तोंड बघूनच तिनं सगळं काढून घेतलं असतं.

आदल्या दिवशीही टेबल लावलं होतं. दादा आला नव्हता. लागोपाठ तिसऱ्या वर्षी त्याची ड्यूटी होती. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे अजून समोरच्या खोलीत पडलेले, आणि गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निळ्या पताका.

दादा त्याच ऑटोतून परत गेला आणि थोड्या वेळानं त्या पताकांखालून ती गाडी घेऊन आला. आधी नुसता आवाज आला, छातीत घुमणारा. मग काकूंच्या घरापुढच्या गतिरोधकाशी ती थांबली. इतकी ठेंगणी गाडी त्यावरून जाणार नव्हती. बाबांनी आमच्या टेबलाच्या दोन फळ्या आणून टाकल्या आणि वाकून, हातानं इशारे करत, तिला वर घेतली. मी एका फळीचं टोक पायानं दाबून धरलं. खाली कुठं घासली तर काय होईल, हे मला माहीत नव्हतं, फक्त एवढं कळत होतं की आमच्या घरातली कुठलीच गोष्ट त्याची भरपाई करू शकत नाही.

गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. पुढं, दिव्यापासून दिव्यापर्यंत, झेंडूची जाड माळ. चौकातली पोरं जमलीच. एकजण म्हणाला, "काय गा, नवरदेव घेऊन आला का?" दुसरा म्हणाला, नवरदेव ठीक आहे, पण वरात चुकीच्या गल्लीत शिरली. सगळे हसले. दादानं काच वर घेतली.

गाडी ओट्याशी लागली, पोरं पांगली, आणि मी माळ काढायला वाकले. तडा नंबरप्लेटपासून सुरू होऊन खालच्या जाळीपर्यंत गेला होता. त्याच्या फटीत काहीतरी तपकिरी अडकलं होतं. मी चिमटीत धरून ओढलं. राठ केसांसारखा झुबका. त्याच्या बुडाशी, नखाएवढा, पांढरा खोबऱ्याचा कपचा.

मी तो हातात घेऊन उभी राहिले.

"दादा, दगड कोठला होता म्हणाला?"

"सांगतलं ना. उमरेड रोडचा."

"मंग दगडाले शेंडी कवापासून आली गा?"

दादा पान्यांची पेटी उघडत होता. तो वळला नाही. पण पेटीचं झाकण धरलेल्या हाताची बाही वर सरकली होती आणि मनगटावर मला लाल दोरा दिसला. तो दोरा मी कधी पाहिला नव्हता. त्या क्षणी मला कळलं, की घरी येताना तो रोज कुठंतरी, चौकात शिरायच्या आधी, काढला जात असणार. आणि आज तो काढायचा राहिला होता.

बाबांनी माझ्या हातातली शेंडी घेतली, बोटांत फिरवली आणि ओट्यावर ठेवून दिली. मग ते दाराच्या चौकटीला टेकून बसले. असं बसून ते प्रूफं वाचायचे. दादानं सगळं सांगितलं, गाडीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून.

आमचं आडनाव दोन्हीकडे चालतं. गावात ते एका जातीचं समजतात, शहरात दुसऱ्या जातीचं. बंगल्यावर नोकरीला लागताना कुणी विचारलं नव्हतं, यानं सांगितलं नव्हतं, आणि राहतो कुठं यावर मात्र, सगळ्या जातींची वस्ती आहे तो मानेवाडा सांगितला होता. एवढ्यानं त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं. मग बाईंना देवळात नेताना हातावर दोरा बांधला गेला, कपाळाला टिळा लागला, आणि प्रत्येक वेळी नाही म्हणणं आधीपेक्षा अवघड होत गेलं.

काल सकाळी, आम्ही टेबलावर पत्रकं मांडत होतो तेव्हा, बंगल्याच्या पोर्चमध्ये गाड्यांची पूजा सुरू होती. स्पोर्ट्स कारची पाळी आली. बाईंनी दादाच्या हातात नारळ दिला आणि म्हणाल्या, "गाडीला नारळ वाढव."

हा शब्द त्यानं कधी ऐकलेलाच नव्हता. ज्या घरांत देवापुढे नारळ फुटतो, तिथं फोडणं म्हणणं अशुभ, म्हणून वाढवणं म्हणतात. आमच्या घरात वाढणं म्हणजे ताटात वाढणं. कोळशाचे ट्रक चालवायचा तेव्हा त्यानं नारळ पुष्कळ पाहिले, पण तिथं सगळे सरळ फोड म्हणायचे. दादाला वाटलं, हीही एक पूजाच असेल. त्यानं तबकातले थोडे तांदूळ उचलले, गाडीच्या चाकापुढं ठेवले, त्यांच्यावर नारळ ठेवला, पाहुण्यापुढं ताट सरकवावं तसा जरा पुढं सरकवला आणि म्हणाला, "वाढला, बाई."

पोर्चमधले सगळे हसले. बाईही हसल्या, आणि हसत हसतच त्यांनी विचारलं, "अरे, वाढव म्हणजे फोड. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"मले काही सुचलंच नाही," दादा म्हणाला. "सगळे पाहून राहिले होते. म्या नारळ उचलला अन् जथी हात गेला तथी हाणला."

हात गेला बंपरवर. ट्रकचा बंपर लोखंडाचा असतो, त्याच्यावर नारळ हाणलेला त्यानं शंभरदा पाहिला होता. या गाडीचा बंपर प्लॅस्टिकचा. नारळही फुटला आणि बंपरही. तडा फक्त मुलाला दिसला, कारण तो बाजूलाच उभा होता. बाईंना दसऱ्याच्या दिवशी पूजेतच गाडी फुटलेली कळली तर त्या अपशकुन धरणार आणि गाडीला हात लावू देणार नाही, म्हणून त्यानं माळ खाली ओढून तडा झाकला. तो आपल्या गाडीसाठी घाबरला होता. आणि दादा?

"फुटल्याचं भेव नाही मले," दादा म्हणाला. "मले त्या इचारण्याचं भेव हाय. काल दिवसभर बाई माह्याकडे पाहून राहिल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. नुसत्या पाह्यत होत्या. आज नाही तर उद्या पुन्हा इचारतीन."

मी गप्प बसायला हवं होतं, पण मी आमच्या घरात वाढलेली. मी बोलले. आपण काय छापतो आणि तू काय करतो, आजोबा काय शपथ घेऊन उठले आणि तू कुणाच्या गाडीपुढं तांदूळ मांडतो, लोक लांबलांबून पायी येतात त्या दिवशी तू तिथून दोन-तीन मैलांवर उभा राहून नारळ फोडतो. मी पत्रकासारखी बोलत गेले, आणि दादा ऐकत राहिला. माझं संपल्यावर तो म्हणाला, "तू पत्रकं वाटते अन् घरी येते. मले तथी रोज जा लागते."

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते बोलतील. आयुष्यभर ज्या माणसानं असल्याच वाक्यांसाठी खिळे जुळवले, तो आज गप्प कसा बसेल? बाबांनी ओट्यावरची शेंडी पुन्हा उचलली आणि विचारलं, "अन् खोबरं कोणी खाल्लं?"

"मीच. बाईनं प्रसाद देल्ला."

"चांगलं होतं?"

"चांगलं होतं," दादा म्हणाला, आणि दोघंही खाली बघू लागले. मी रागानं आत गेले. आत जाऊन मात्र मला राग कुठंच सापडला नाही. जे सापडलं ते निराळंच होतं. बाईंनी खरंच पुन्हा विचारलं, तर माझा दादा आम्हालाच नाकारेल. या घराला, या गल्लीला, बाबांच्या काळ्या पडलेल्या बोटांना. आणि खरं बोलला, तर सकाळी कामावर जायला त्याच्याजवळ जागाच उरणार नाही. मला या दोन्हींची भीती वाटत होती आणि एकीला दुसरीपेक्षा मोठी ठरवता येत नव्हतं.

पण संध्याकाळच्या आत गाडी परत द्यायची होती. मी बाहेर आले.

बंपर बदलणं हे दोन माणसांचं काम आहे. दादानं बॉनेट उघडून आधी बॅटरीची वायर काढली, सेन्सरच्या तारा सोडवताना ठिणगी नको म्हणून. जॅक लावून पुढची बाजू उचलली, खाली लाकडी ठोकळे सरकवले आणि स्वतः उताणा होऊन आत शिरला. त्याच्या पाठीखाली बाबांनी कागद अंथरले. आमच्या घरात कागद म्हणजे पत्रकंच. कालच्या उरलेल्यांतलं सगळ्यात वरचं माझं होतं, मथळा होता 'कुणापुढेही वाकू नका'. दादा त्याच्यावर पाठ टेकून परक्या गाडीच्या पोटातले स्क्रू काढत होता.  बाबांनी मथळा वाचला आणि कागदाची दुमडलेली कड सरळ केली.

चाकांच्या कमानीतले स्क्रू निघाले. वरच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा एकेक करून चपट्या पान्यानं उचकटल्या. प्रत्येक क्लिप निघताना टक् असा आवाज व्हायचा. दादानं रंगाच्या कडेला कागदी टेप चिकटवली, म्हणजे बंपर निघताना ओरखडा जाणार नाही. मग त्यानं एक टोक धरलं, मला दुसरं धरायला सांगितलं.

"बाहेर ओढ. वर नको, बाहेर. अन् काही झालं तरी सोडू नको. तू सोडलं का माह्या बाजूचा रंग गेला."

तडकलेला बंपर निघाला. समोरचा भाग गेलेली ती गाडी, आतले पाइप आणि तारा उघड्या पडलेली, आमच्या ओट्यापुढं दात काढल्यासारखी उभी होती. आम्ही बंपर बाबांनी रचलेल्या गठ्ठ्यांवर अलगद ठेवला. चादर सोडून दुसरा उचलला. दादानं सेन्सरच्या तारा जोडल्या आणि आम्ही तो जागेवर नेला. बाजूच्या खाचा आधी बसवायच्या, मग मध्ये दाबायचं. आम्ही दोघं वाकून दोन टोकांना धरून होतो, खाच अजून बसायची होती, तेवढ्यात दादाच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला.

बाबांनी खिशातून फोन काढला. "बाई," त्यांनी वाचलं.

"नका उचलू."

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. तेव्हा दादाला आठवलं, आणि आठवल्याचं मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. या गाडीत चोरीची सूचना देणारं यंत्र होतं. बॅटरी काढली की मालकाच्या फोनवर मेसेज जातो, गाडी कुठं आहे त्या नकाशासकट. गाडी मुलाची म्हणायची, पण कागदावर होती बाईंच्या नावावर.

बाईंनी नकाशा पाहिला होता. नकाशावर आमच्या वस्तीचं नाव असतं. नागपुरात त्या नावाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

तिसऱ्यांदा फोन वाजला. आमचे हात अडकलेले. बाबा फोन धरून दोघांच्या मध्ये उभे राहिले. "उचलू का गा?" ते म्हणाले. "तू सांगशीन तसं."

दादानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, घटकाभरापूर्वी त्याला आजोबांची शपथ ऐकवणारी, मनातल्या मनात म्हणत होते, खोटं बोल. सांग, मित्राकडे आलो आहे म्हणून. सांग, गॅरेज इकडे आहे. माझ्या हातातलं टोक घामानं निसटायला लागलं होतं. "धर," दादा मला म्हणाला. मग बाबांना म्हणाला, "उचला."

बाबांनी स्पीकर लावला आणि फोन त्याच्या तोंडाजवळ नेला. पलीकडे पाहुण्यांचे आवाज होते, कपबशा वाजत होत्या.

"अरे, गाडी कुठे आहे? मला मेसेज आला बॅटरी काढल्याचा. नकाशात भलतीच जागा दाखवतोय."

"माह्या घरी हाय, बाई."

बंगल्याच्या फोनवर दादा नेहमी 'माझ्या' म्हणतो, 'आहे' म्हणतो. आम्ही त्याला त्यावरून चिडवतो. त्या दिवशी त्याच्या तोंडून घरचं निघालं.

"तुझ्या घरी? तू मानेवाड्याला राहतोस ना?"

"नाही बाई. इथंच राहतो. लहानपणापासून."

 बाबांचा फोन धरलेला हात स्थिर होता. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"बंपर फुटला होता," दादा म्हणाला. "काल. नारळानं. माह्या हातानं फुटला. तोच बदलून राहिलो."

"नारळानं?"

"हो." दादानं आपलं टोक सावरून धरलं. "तुम्ही काल इचारलं होतं बाई, आमच्याकडे काय म्हणतात. आमच्याकडे काहीच नाही म्हणत. आमच्याकडे नारळ फोडतच नाहीत."

कपबशांचा आवाज येत होता. कुणीतरी तिकडे मोठ्यानं हसलं, दुसऱ्याच कशावर तरी.  मग बाई म्हणाल्या, "बरं." आणि जरा थांबून, "गाडी घेऊन ये."

फोन बंद झाला. आम्ही तिघं तसेच उभे, दोघं वाकलेले, एक ताठ. "दाब," दादा म्हणाला, आणि आम्ही बंपर दाबला. खाच बसली.

मग उरलेलं काम झालं. एक क्लिप तुटली, तिच्या जागी दादानं जुन्या बंपरची लावली. त्यानं डाव्या बाजूची फट बोटानं चाचपली, पुन्हा पुन्हा. बॅटरी जोडली, दिवे लावून पाहिले. बाबा ओट्यावर बसून होते. मध्येच म्हणाले, "त्या 'बरं'च्या पुढे काय होतं गा? पूर्णविराम होता का प्रश्नचिन्ह?"

"मले नाही कळलं," दादा म्हणाला.

"मलेही नाही."

दादानं नळावर हात धुतले. परत आला तेव्हा मनगटावर दोरा नव्हता.  झेंडूची माळ ओट्यावर पडली होती, तिचं काय करायचं ते कुणालाच कळेना. मी म्हटलं, टाकून देऊ. दादा म्हणाला, "टाकू नको. त्याह्यची हाय ते." त्यानं ती उचलून बाजूच्या सीटवर नीट ठेवली, सोबत कुणी बसल्यासारखी. फळ्या पुन्हा घातल्या, गाडी उतरली, पताकांखालून गेली. काकूंनी दारातून विचारलं, झालं का काम? मी हो म्हटलं. पुढं काय होणार ते मला माहीत नव्हतं. बाबा चौकापर्यंत गेले. फिरून येतो म्हणाले. ते कधी फिरायला जात नाहीत. मी तडकलेल्या बंपरपाशी बसून राहिले. गाडी तिथं पोहोचली असेल, बाई पायऱ्या उतरल्या असतील, बोलल्या असतील. माणसाला हाकलायला किती कमी शब्द लागतात, हे मी पत्रकांत कितीदा लिहिलं होतं. आता एकेक शब्द मला ऐकू येत होता.

दोघं बरोबरच परतले. बाबा त्याला चौकात भेटले होते.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

काहीच म्हणाल्या नव्हत्या. बाहेर आल्या, बंपरवरून हात फिरवला, मुलाकडे पाहिलं, आत गेल्या. मग आतून चहा आला.

"चहा देल्ला?"

"हो. कपात देल्ला." दादा थांबला. "रोजच्याच कपात होता का दुसऱ्या, हे पाह्याची माही हिंमत नाही झाली. डोळे वर ठेवूनच पेलो."

त्याला कामावरून काढलं नाही. लोकांना हे सांगितलं की त्यांना बरं वाटतं, म्हणून पुढचंही सांगायला हवं. थोड्या दिवसांनी बाईंसाठी दुसरा ड्रायव्हर आला. देवळात जायचं असलं, बहिणीकडे जायचं असलं की तो जातो. दादाकडे मुलाची लाल गाडी राहिली. कुणी कारण सांगितलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. बाई अजूनही त्याला जेवलास का विचारतात. तो अजूनही चहाच्या कपाकडे पाहत नाही. याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. यावर पत्रक लिहायला मी चारदा बसले आणि चारदा उठले, कारण ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो शब्द 'बरं' आहे, आणि त्याच्यापुढचं चिन्ह मला माहीत नाही.

या दसऱ्याच्या आधी बाईंनी स्वतःहून सांगितलं, "उद्या तुला सुटी. तुमचं असतं ना तिकडे." 'तुमचं' आणि 'तिकडे' या दोन शब्दांवर बाबा आणि मी बराच वेळ बोललो. दादा म्हणाला, सुटी हाय ना, मग झालं.

तो आमच्या टेबलावर आला. सकाळपासून पत्रकांच्या घड्या घालत बसला, बाबांनी शिकवल्या तशा, नखानं कड दाबून. भोवती इतकी गर्दी की पुढच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. त्याचा फोन टेबलावर होता, स्क्रीन वर करून ठेवलेला. पूर्वी तो नेहमी उपडा ठेवायचा. दुपारच्या आधी तो वाजला. बाईंचं नाव मी पाहिलं, बाबांनीही पाहिलं.

दादानं उचलला. गाडीची दुसरी किल्ली सापडत नव्हती, एवढंच होतं. मग पलीकडून आणखी काही विचारलं गेलं असणार, कारण तो गर्दीच्या वर आवाज काढून म्हणाला, "दीक्षाभूमीवर हाय, बाई. घरच्यांसंग."

आवाज स्वच्छ होता. फोन त्यानं खांद्यानं कानाशी धरला होता आणि हात घड्या घालतच होते.  फक्त हातातल्या पत्रकाची घडी तिरकी गेली. तो ते चुरगाळायला निघाला, तर मी त्याच्या हातातून घेतलं आणि पुढं उभ्या असलेल्या एका अनोळखी आजीच्या हातात तसंच दिलं.